मटिल्डा टीचरची तोंडी परीक्षा

मटिल्डा टीचरचं इंग्रजी कच्चं आहे असं म्हणायची छाती निर्मळ गावात कुणाची नव्हती. म्हणणार तरी कोण? निम्म्या गावाला इंग्रजी टीचरनीच शिकवलेलं, आणि उरलेल्या निम्म्याला ते येतच नव्हतं. जवळच्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात त्या वीसेक वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. घरात सामवेदी बोली, शाळेत पुस्तकातली मराठी, चर्चमध्ये चर्चची मराठी आणि फळ्यापुढे इंग्रजी अशी त्यांची दिवसभर ये-जा चाले, पण एकीचा पदर दुसरीत कधी अडकला नाही. आवाज तर असा खणखणीत की मागच्या बाकावर डुलक्या काढणारा मुलगा ताडकन उठून बसे. मे महिन्यात संध्याकाळी क्रुसापाशी रोझरी, म्हणजे माळेचे मणी ओढत म्हणायची प्रार्थना, असली की ती चालवायला टीचरच लागत. माइकवाल्याला त्या दिवशी सुट्टी असे.

त्यामुळे दोन हजार चारच्या जानेवारीत फादर बर्नार्डनी स्टाफ मीटिंगमध्ये परीक्षेचा विषय काढला, तेव्हा बाकीचे सगळे घाबरले, टीचर मात्र घाबरल्या नाहीत. त्यांना आला तो राग.

फादर बर्नार्ड शाळेचे मुख्याध्यापक. माणूस सज्जन, मऊ बोलणारा, कुणाला दुखवायचं म्हटलं तर आधी चहा पाजणारा. त्या दिवशी चहाबरोबर खारी बिस्किटंही आली, तेव्हाच टीचरनी ओळखलं की आज काहीतरी वाईट ऐकायला लागणार. मराठी वर्गांचा पट उतरत चालला होता. बागायतीच्या वाड्या विकून फ्लॅटमध्ये गेलेले, फ्लॅट घेऊन मुंबईहून आलेले, सगळ्यांनाच मुलं इंग्रजी शाळेत हवी होती. कमिटीचं ठरलं होतं. जूनपासून शाळेचा इंग्रजी विभाग सुरू होईल आणि मराठी वर्ग बंद होतील. आत्ता आठवी-नववीत असलेल्या मुलांना शाळा सोडल्याचे दाखले मिळतील, त्यांनी दुसरीकडे नाव घालावं. राहता राहिले शिक्षक. जो कोणी बाहेरदेशातल्या एका विद्यापीठाची वरच्या पातळीची इंग्रजीची परीक्षा पास होईल, तो इंग्रजी विभागात घेतला जाईल. बाकीचे अतिरिक्त ठरतील आणि सरकार त्यांना जिल्ह्यात जागा असेल तिथे पाठवेल. ठाणे जिल्हा तेव्हा थेट मोखाड्यापर्यंत पसरलेला होता.

टीचर उभ्या राहिल्या. "फादर, हे चुकतंय," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी का चुकतंय ते सांगितलं. मराठी वर्गात आता उरलीत ती कळंबच्या मच्छीमारांची मुलं, वाड्यांवर मजुरीला येणाऱ्यांची मुलं. त्यांना दाखला देणं म्हणजे घरी बसवणंच आहे. निदान आत आहेत त्यांची तरी दहावी होऊ द्या. नवीन घेऊ नका, पण अर्ध्यावर सोडू नका. इंग्रजी विभाग सकाळी भरणार असेल तर मराठीचे वर्ग दुपारी भरतील, खोल्या त्याच.

फादरनी सगळं ऐकून घेतलं. "तुमच्या भावना मी समजू शकतो, टीचर," ते म्हणाले आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली. विषय तिथे संपला.

घरी व्हॅलेरियन, म्हणजे टीचरचे यजमान, केळीच्या वाडीतून आले, हातपाय धुतले आणि सगळं ऐकून म्हणाले, "मग आता? मोखाड्याला जाशील?"

"मी कशाला जाऊ?" टीचर म्हणाल्या. "परीक्षा देईन, पहिली येईन आणि इथंच राहीन."

"पहिलीबिहिली काढतात का त्यात?"

"नसले काढत तर माझ्यापासून काढतील."

असा सगळा मामला होता. टीचरना आपल्याच शाळेत राहायचं होतं, आणि त्यासाठी ही एक परीक्षा मधे उभी होती.

परीक्षेला बसायला तयार झालेले दुसरे एकटेच, रामनाथ सर. गणिताचे. कळंबचे राहणारे, बाप-काका समुद्रावर जाणारे आणि हे एकटेच फळ्याकडे वळलेले. वर्गात ते शुद्ध बोलत, पण मनातलं बोलायचं झालं की गावची बोली बाहेर पडे. "टीचर, मला लिहिन्याची भीती नाय," ते म्हणाले, "पन बोलायचं म्हनजे माझी बोट वाळूत रुतते. तुमी बरोबर असाल तर मी बसतो."

लेखी पेपर दोघांनीही फेब्रुवारीत बरे दिले. राहिली ती तोंडी. आणि ही तोंडी साधीसुधी नव्हती. टीचरची मुलगी सँड्रा अंधेरीला ऑफिसात होती, तिने तिथल्या वाचनालयातून जुन्या प्रश्नांची कार्डं आणली आणि समजावून सांगितलं. या परीक्षेत माणूस एकटा बोलत नाही, दोघांना एकत्र बसवतात. आधी ओळख, मग एकेकाने चित्रांवर एकट्याने बोलायचं, मग एक विषय देतात आणि त्यावर दोघांनी आपसात बोलून काहीतरी ठरवायचं. एक परीक्षक विचारतो, दुसरा गप्प बसून नुसता लिहितो.

"दोघांनी?" टीचर म्हणाल्या. "मग तर सोपंच झालं. मी आणि सर."

रोज शाळा सुटली की सर सायकल घेऊन टीचरच्या वाडीत येत. विहिरीजवळ चिकूच्या सावलीत दोन खुर्च्या मांडलेल्या असत. टीचर कार्ड उचलत, विषय वाचत, घसा साफ करत आणि सुरुवात करत. काय सुरुवात असे ती! प्रदूषण असो, प्रवास असो, टीव्ही चांगला की वाईट असो, टीचर पहिल्याच वाक्यात विषयाची शेंडी पकडत. एक बाजू मांडत, दुसरी बाजू मांडत आणि मग बरोबर कडेला येऊन थांबत. थांबल्या की सर उचलत. "देअरफोर," असं म्हणून ते जे सुटत ते थेट निष्कर्षावर जाऊन पोचत. सर गावच्या भजनात टाळकरी होते. बुवाने ओळ सोडली रे सोडली की ती झेलायची, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. सुरुवात करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

आणि टीचरवर शेवट करायची. रोझरीत पुढे बसणारी व्यक्ती प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणते आणि थांबते, दुसरा अर्धा सगळा जमाव म्हणतो. पन्नाशीला आलेल्या टीचरनी आयुष्यभर पहिला अर्धाच म्हटला होता. आजीच्या मांडीवर बसून शिकलेली गोष्ट ती, हाडात मुरलेली.

एका रविवारी सँड्रा पायरीवर बसून दोघांचं ऐकत होती. ऐकता ऐकता हसायला लागली. "ममी, तुमचं दोघांचं ऐकताना मला ना, रोझरीला बसल्यासारखं वाटतंय."

टीचरना ही तारीफ वाटली. "बघा सर, किती छान जमलंय आपलं," त्या म्हणाल्या. सँड्रा पुढे काही बोलणार होती, पण टीचरनी पुढचं कार्ड उचललेलं होतं. कार्ड उचलल्यावर टीचरना कोण थांबवणार?

मातृभाषेतून शिकावं की इंग्रजीतून, हाही एक विषय त्या कार्डांमध्ये होता. तो त्यांनी बऱ्याचदा केला. टीचर दोन्ही बाजू अशा सुरेख मांडत की ऐकणाऱ्याला दोन्ही पटाव्यात, आणि सर शेवट करत, "देअरफोर, इंग्लिश इज द नीड ऑफ द अवर." परीक्षकाला हेच आवडेल असं दोघांचं मत होतं. टीचर मान डोलावत. ते वाक्य आपल्याला पटतं का, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही, कारण ते बोलायचं काम त्यांचं नव्हतंच.

तोंडी परीक्षा मार्चमध्ये होती, वांद्र्याला. टीचरनी मोरपंखी रंगाची, ईस्टरसाठी राखून ठेवलेली साडी नेसली. सरांनी लग्नातले बूट घातले. केंद्रावर पोचल्यावर भिंतीवरचा कागद वाचला, आणि सरांचा चेहरा उतरला. जोड्या केंद्राने आपल्या मनाने लावल्या होत्या. रामनाथ सरांबरोबर मीरा रोडचा कुणी मुलगा होता आणि टीचरबरोबर नायगावची अश्लेषा नावाची मुलगी.

"टीचर, आता?" सर कुजबुजले. "सुरुवात कोन करनार?"

"तुम्ही करणार," टीचर म्हणाल्या. "घाबरताय काय? इंग्रजीच बोलायचंय, समुद्रात उडी नाही मारायची." खरं म्हणजे समुद्रात उडी मारायला सर जास्त आनंदाने तयार झाले असते. टीचरच्या मनात मात्र किंतु नव्हता. त्यांना वाटत होतं, जोडीदार कोणी का असेना, आपण बोललो की पुढचा बोलेलच.

अश्लेषा बावीस-तेवीस वर्षांची, नीटनेटकी, पुढच्या शिक्षणासाठी बाहेर जायच्या तयारीतली. दोघी आत जाऊन बसल्या. समोर पांढऱ्या कुर्त्यातल्या एक उंच बाई, आणि कोपऱ्यात एक टक्कल पडलेले गृहस्थ, हातात पेन. ओळख झाली. टीचरनी नाव, गाव, शाळा, सगळं ऐटीत सांगितलं. बाई हसल्या. टीचरना वाटलं, झालंच की.

मग चित्रं आली. एका चित्रात बाजार, एकात मोठं दुकान. टीचरनी एकटीने बोलायचं होतं. त्यांनी सुरुवात केली, आणि सुरुवात नेहमीसारखीच भारी झाली. बाजारातली कोळीण आणि दुकानातला गणवेश घातलेला मुलगा यांच्यात काय फरक, ते त्या रंगून सांगत गेल्या. एक बाजू झाली. दुसरी झाली. आणि टीचर थांबल्या. हनुवटी किंचित वर झाली, मान जमावाकडे वळावी तशी अश्लेषाकडे वळली, आणि मांडीवरच्या हाताचा अंगठा आपसूक पुढच्या मण्याकडे सरकला. हातात माळ नव्हती.

अश्लेषा बघतच राहिली. मोठ्या बाईंचं बोलणं चाललंय, मधे तोंड घालू नये, एवढं वळण तिला घरातून होतं. ती अदबीने गप्प. टीचर वाट बघत गप्प. उंच बाई दोघींकडे बघत गप्प. खोलीत फक्त कोपऱ्यातल्या पेनाचा आवाज.

"यू स्टिल हॅव टाइम," बाई हळूच म्हणाल्या.

टीचरच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. वीस वर्षं त्या मुलांना ओरडत आल्या होत्या, वाक्य अर्धं सोडू नका, बोलायला लागलात तर पूर्ण बोला. आणि इथे स्वतःच तोंड मिटून बसल्या होत्या, कुणीतरी पुढचं म्हणेल म्हणून! सँड्रा त्या रविवारी का हसली होती, ते त्यांना आत्ता कळलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त स्वतःचा संताप आला. घाईघाईने त्यांनी कसाबसा एक शेवट जोडला. तो अगदीच मिळमिळीत झाला, सरांच्या 'देअरफोर'सारखासुद्धा नाही. वेळ संपली.

दुसरी कोणी असती तर इथे ढेपाळली असती. टीचर ढेपाळण्यातल्या नव्हत्या. अश्लेषा तिच्या चित्रांवर बोलत होती तेवढ्यात त्यांनी मनातल्या मनात स्वतःचा कान पिळला आणि ठरवलं की आता जे सुरू करू ते आपणच तडीला नेऊ.

मग दोघींना मिळून बोलायचा विषय आला. बाईंनी कार्ड पुढे ठेवलं आणि टीचरनी ते वाचलं. मुलांनी मातृभाषेतून शिकावं की इंग्रजीतून?

तयारी झालेली होती. दोन्ही बाजू तोंडपाठ होत्या. पण पाठ होतं ते अर्धंच. पुढचं अर्धं कळंबच्या सरांकडे, आणि सर तिकडे दुसऱ्या खोलीत.

टीचर अश्लेषाकडे वळल्या. "तू कुठल्या शाळेत शिकलीस?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. हे कुठल्याच कार्डावर नव्हतं.

अश्लेषा जरा गोंधळली. ती 'इंग्रजी जगाचे दरवाजे उघडते' असं काहीतरी घोकून आली असावी. मग म्हणाली, सातवीपर्यंत मराठी शाळेत, विरारला फुलपाड्यात. नंतर वडिलांनी नायगावला घर घेतलं आणि इंग्रजी शाळेत घातलं. पहिलं वर्ष मी वर्गात तोंड उघडलं नाही, ती म्हणाली. आधीच्या शाळेत मी सगळ्यात जास्त बडबड करणारी होते. हे सांगताना तिचं इंग्रजी एकदम सुटं झालं, घोकलेल्या वाक्यांची इस्त्री मोडली.

"आणि आता?" टीचरनी विचारलं.

"आता इंग्रजी येतं. पण ते वर्ष मला कुणी परत देणार नाही."

टीचरनी समोरचं कार्ड उलटं करून ठेवलं. मग बोलायला लागल्या. दोन बाजू वगैरे काही मांडल्या नाहीत, एकच मांडली. मी इंग्रजीची शिक्षिका आहे, त्या म्हणाल्या. इंग्रजीवर माझं घर चाललंय, इंग्रजी नको असं मी म्हणणार नाही. ज्याला इंग्रजी शाळेत जायचंय त्याने खुशाल जावं. पण जी मुलं आज मराठी वर्गात बसलीत, त्यांच्या खालची बाकं काढून घ्यायचा हक्क कुणालाही नाही. मच्छीमाराची पोर भूमिती मराठीत शिकते आणि तिला ती कळते. तिला अर्ध्यात उठवलं तर ती इंग्रजी शाळेत जाणार नाही, ती मासळीच्या टोपलीजवळ जाऊन बसेल. आणि ते वर्ष तिला कुणी परत देणार नाही, ही माझ्या शेजारी बसलेली मुलगी म्हणाली तसं. त्यामुळे निवड भाषेची नाहीच. सुरू केलेलं पूर्ण करायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. माझं उत्तर आहे, पूर्ण करायचं.

शेवटचं वाक्य त्यांनी असं म्हटलं की त्याच्यापुढे कुणी काही जोडायची सोयच उरली नाही. अश्लेषा म्हणाली, "आय अग्री." कोपऱ्यातल्या गृहस्थांचं पेन थांबलं होतं. ते सगळं सोडून टीचरकडे बघत होते.

बाहेर आल्यावर टीचरच्या डोक्यात परीक्षा उरलीच नव्हती. ती कोळ्याची पोर काही परीक्षेपुरती बनवलेली नव्हती. आठवीत तिसऱ्या बाकावर बसणारी ती, रामनाथ सरांच्या भावकीतली. आपण पास होऊन आपल्या खुर्चीवर राहणार आणि ती दाखला घेऊन जाणार. आपण जे आत बोललो ते खरं असेल, तर नुसती आपली खुर्ची टिकून काय उपयोग? या प्रश्नाने टीचरना तिथल्या तिथे बाकावर बसवलं.

तेवढ्यात रामनाथ सर उड्या मारत आले. "टीचर, देव पावला! तो मीरा रोडचा पोरगा थांबायलाच तयार नाय. बोलतोय, बोलतोय, शेवट काय येत नाय. मी म्हनलं, देअरफोर! आनि सगळं गुंडाळून दिलं. परीक्षक खूश!"

टीचर हसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला, आणि पदर लावलाच होता तर थोडं रडूनही घेतलं.

निकाल मेच्या अखेरीस आला. सर पास झाले. टीचरना सगळ्यात वरची श्रेणी मिळाली. चित्रांवरच्या त्या फजितीनंतरही! व्हॅलेरियननी वाडीतला केळीचा अख्खा घड शेजारीपाजारी वाटला, आणि सँड्राने ऑफिसातून फोन करून किंचाळून घेतलं.

दुसऱ्या दिवशी टीचर फादर बर्नार्डच्या केबिनमध्ये गेल्या. फादर खुर्चीतून उठले, हात मिळवला, आणि अशा बातमीनंतर माणसं जसं करतात तसं त्यांनी लगेच इंग्रजी सुरू केलं. काँग्रॅच्युलेशन्स, वी आर सो प्राउड, इंग्रजी विभाग तुम्हीच सांभाळा. चहा मागवला गेला.

टीचरनी चहा बाजूला सरकवला आणि त्याही इंग्रजीतच बोलल्या. विभाग सांभाळीन, म्हणाल्या, पण एका अटीवर. आठवी-नववीत जी मराठी मुलं आज आहेत त्यांना दाखले द्यायचे नाहीत. सकाळी इंग्रजी, दुपारी मराठी, खोल्या त्याच. भाषा मी शिकवीन, गणित रामनाथ सर शिकवतील, आमचं बोलणं झालंय. शेवटचं मूल दहावी होऊन बाहेर पडेपर्यंत. हे कमिटीला मान्य नसेल तर माझं सर्टिफिकेट तुमच्या काही कामाचं नाही. ते घेऊन मी मोखाड्याला जाते. तिथे मराठी वर्ग आहेत.

फादर पुढे झुकून ऐकत होते. मधेच त्यांनी पॅड ओढलं आणि मुद्दे लिहून घेतले. दुपारचे वर्ग, त्याच खोल्या, नवीन प्रवेश नाहीत. टीचर बोलायच्या थांबल्या तेव्हा त्यांनी पानभर लिहिलेलं होतं.

"धिस इज व्हेरी प्रॅक्टिकल," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "कमिटीसमोर मी स्वतः मांडतो. होऊन जाईल." मग चष्मा काढून ते मराठीत आले. "पण टीचर, इतका चांगला उपाय होता, तर तुम्ही हे आधी का नाही बोललात?"

टीचर उठल्या. मोरपंखी साडीचा पदर त्यांनी नीट केला.

"बोलले होते, फादर," त्या म्हणाल्या. "जानेवारीत. अगदी हेच. मराठीत बोलले होते."